महागडे इअरफोन : किमती चढत्या, तंत्र मात्र जागच्या जागी

कानात बसणाऱ्या इअरफोनची किंमत छोट्या मोटारीच्या किमतीशी स्पर्धा करील, असे वीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर ती अतिशयोक्ती ठरली असती. आज ती वस्तुस्थिती आहे. अमेरिकेतील ‘अल्टिमेट इअर्स’ने २००७ साली ‘यूई-११ प्रो’ हा इअरफोन बाजारात आणला, तेव्हा त्याची किंमत ११५० डॉलर होती. त्या वेळच्या विनिमय दराने ही रक्कम ४७ हजार रुपयांच्या घरात जात असे आणि कानात घालायच्या इअरफोनांमध्ये ती जवळपास कळसाची किंमत समजली जाई. २०२० साली ‘ओरिओलस’ कंपनीचा ‘ट्रायली’ आला तो सुमारे सहा हजार डॉलरला, म्हणजे जवळजवळ साडेचार लाख रुपयांना. (ओरिओलस हे हळद्या पक्ष्याचे शास्त्रीय नाव. पक्षी मात्र फुकट गातो.) तेरा वर्षांत शिखरावरची किंमत डॉलरमध्ये पाचपट झाली आणि रुपयांत नऊपट.

याच काळात इअरफोनच्या पोटातील यंत्रणा किती पालटली, या प्रश्नाचे उत्तर मात्र फारसे उत्साहवर्धक नाही. बदल झाले नाहीत असे नाही; पण जे खरे बदल झाले, त्यांतील बहुतेक स्वस्त किंवा मध्यम किमतीच्या मालात झाले. महागड्या मालात वाढली ती प्रामुख्याने घटकांची संख्या, कवचाची झळाळी आणि खोक्याचा आकार. संगीताची मनापासून आवड असलेला, पण पगारावर जगणारा श्रोता जेव्हा महिन्या-दोन महिन्यांची मिळकत अशा वस्तूवर खर्च करायला निघतो, तेव्हा आपण नेमके कशाचे पैसे मोजत आहोत, हे त्याला ठाऊक असणे आवश्यक आहे.

श्रवणयंत्राच्या कारखान्यातून

उच्च दर्जाच्या इअरफोनचे मूळ संगीताच्या व्यवसायात नाही, ते श्रवणयंत्रांच्या व्यवसायात आहे. ह्यू नोल्स यांनी १९४६ साली अमेरिकेत स्थापन केलेली ‘नोल्स’ ही कंपनी श्रवणयंत्रांसाठी लागणारे सूक्ष्म ध्वनिघटक तयार करू लागली. त्यातील ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ हा घटक म्हणजे तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी धातूची डबी. तिच्या आत दोन चुंबकांच्या मधोमध एक लवचिक पाते तोललेले असते. भोवतालच्या तारेच्या वेटोळ्यातून विद्युत संदेश गेला की पाते थरथरते, त्याला जोडलेली बारीक काडी पडदा हलवते आणि ध्वनी उमटतो. विजेचा वापर अत्यल्प आणि आकार इवलासा, म्हणून श्रवणयंत्राला तो सोयीचा. याउलट नेहमीच्या ध्वनिवर्धकाची लघुप्रतिमा असलेल्या ‘डायनॅमिक’ घटकात वेटोळे थेट पडद्यालाच चिकटवलेले असते. खर्जाचे, घुमणारे स्वर त्यातून अधिक सहज निघतात.

नोल्समध्ये वीसहून अधिक वर्षे काम केलेले मीड किलियन यांनी १९८३ साली ‘एटिमोटिक रिसर्च’ ही संस्था काढली. श्रवणशक्तीच्या वैद्यकीय तपासणीसाठी कानात घट्ट बसणारे इअरफोन त्यांनी तयार केले आणि त्याच अनुभवावर १९९१ साली संगीतश्रवणासाठी ‘ईआर-४’ हा इअरफोन सादर केला. प्रत्येक कानासाठी फक्त एक बॅलन्स्ड आर्मेचर, त्यावर कानात खोल जाणारी तीन पाकळ्यांची रबरी टोपी, एवढाच त्याचा संसार. किंमत ३३० डॉलर. बाहेरचा गोंगाट तो इतका अडवत असे की आगगाडीच्या डब्यातही मंद स्वर ऐकू यावेत. पंचवीस वर्षांनी, २०१६ साली, कंपनीने त्याची सुधारित आवृत्ती ‘ईआर-४ एसआर’ ३४९ डॉलरला आणली. मूळ रचना तीच होती. अमेरिकेतील महागाईचा हिशेब धरला तर १९९१ मधील ३३० डॉलर २०१६ मध्ये सुमारे ५८० डॉलर व्हायला हवे होते. म्हणजे खऱ्या अर्थाने हा इअरफोन स्वस्त झाला. या धंद्यात स्वस्ताई अशक्य नाही, याचा हा सर्वांत जुना पुरावा.

भारतीय ग्राहकाला ती स्वस्ताई दिसली नाही, हा भाग वेगळा. जुलै १९९१ मधील अवमूल्यनानंतर डॉलर सुमारे २६ रुपयांना होता, २०१६ मध्ये तो ६७ रुपयांच्या आसपास पोचला. त्यामुळे साडेआठ हजारांची वस्तू आयात शुल्क आणि इतर कर धरण्यापूर्वीच तेवीस हजारांवर गेली.

घटकांची शर्यत

दुसरा प्रवाह रंगमंचावरून आला. १९९५ साली ‘व्हॅन हेलन’ या रॉक वृंदाचे ध्वनिसंयोजक जेरी हार्वी यांनी वृंदाचे ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानाच्या साच्यानुसार इअरफोन घडवले. रंगमंचावरच्या कोलाहलात वादकाला स्वतःचे वादन नीट ऐकू यावे आणि त्यासाठी प्रचंड आवाजातील ध्वनिवर्धक लागू नयेत, हा त्यामागचा हेतू होता. त्यातूनच ‘अल्टिमेट इअर्स’ उभी राहिली. पुढे २००८ साली ती ‘लॉजिटेक’ने विकत घेतली, तर हार्वी यांनी ‘जेएच ऑडिओ’ ही स्वतंत्र कंपनी काढली.

हार्वी यांच्या इअरफोनमध्ये खर्ज आणि तार स्वरांसाठी वेगवेगळे घटक होते. ही कल्पना योग्यच होती. एकट्या बॅलन्स्ड आर्मेचरला संपूर्ण स्वरपट्टा सारख्या ताकदीने, तोही रंगमंचाला लागणाऱ्या मोठ्या आवाजात, पेलणे कठीण जाते. म्हणून ‘क्रॉसओव्हर’ नावाच्या छोट्या मंडलाने संदेशाचे वाटप करायचे आणि ज्याचा वाटा त्याच्याकडे सोपवायचा. मात्र एकदा घटक वाढवण्याचा मार्ग सापडल्यावर तोच विक्रीचा मंत्र झाला. ‘यूई-११ प्रो’मध्ये एका कानाला चार घटक होते. २००९ च्या ‘जेएच-१३ प्रो’मध्ये सहा, त्यानंतरच्या ‘जेएच-१६ प्रो’मध्ये आठ, ‘रॉक्सन’मध्ये बारा. ‘६४ ऑडिओ’ या कंपनीने तर अठरापर्यंत मजल मारली. मोटारीच्या जाहिरातीत इंजिनाचे सिलिंडर मोजावेत तसे कानातले घटक मोजले जाऊ लागले आणि किंमत त्या गणतीच्या पाठोपाठ चढू लागली. ‘जेएच-१३ प्रो’ १०९९ डॉलरला होता. २०१७ साली ‘६४ ऑडिओ’चा ‘तिया फोर्टे’ ३५९९ डॉलरला आला. गंमत अशी की या ‘फोर्टे’मध्ये घटक चारच होते. तोवर चढ्या किमतीला गणतीचाही आधार लागेनासा झाला होता.

घटक वाढले की गुणवत्ता त्याच प्रमाणात वाढते, असे ध्वनिशास्त्र सांगत नाही. उलट अनेक घटकांतून निघणारा ध्वनी कानाच्या पडद्यापर्यंत एकाच वेळी पोचवणे, दोन घटकांच्या सीमेवरील स्वर एकमेकांना मारणार नाहीत हे पाहणे, निरनिराळ्या लांबीच्या नळ्यांतील अनुनाद आवरणे, ही कामे अधिक जिकिरीची होतात. ती साधणारे कुशल कारागीर आहेत आणि त्यांच्या कौशल्याला मोल आहे. पण स्वतःच निर्माण केलेली अडचण सोडवण्याचे ते मोल असते, हेही विसरून चालत नाही.

गिरणी एक, भाकऱ्या अनेक

महागड्या इअरफोनवर नाव कोणाचेही असो, आतील बॅलन्स्ड आर्मेचर बहुधा मोजक्या कारखान्यांतून आलेले असतात. अमेरिकेची ‘नोल्स’ आणि डेन्मार्कची ‘सोनिऑन’ हे त्यांतील जुने पुरवठादार. चीनमधील ‘बेलसिंग’ ही त्यामानाने नवी कंपनी. इअरफोन विकणारी कंपनी या पुरवठादारांच्या यादीतून घटक निवडते, त्यांचा मेळ घालते, नळ्या व कवच तयार करते आणि ध्वनीचा तोल ठरवते. दळण एकाच गिरणीतले. भाकरी कोण कशी थापतो, यावर चव ठरायची.

तोल साधण्याचे हे काम क्षुल्लक नाही. परंतु मूलभूत नावीन्याची सूत्रे त्यामुळे ब्रँडच्या हाती न राहता पुरवठादाराच्या हाती जातात. याचे ठळक उदाहरण म्हणजे सोनिऑनचे स्थितिविद्युत घटक. अतिशय पातळ पडदा विद्युतक्षेत्राने हलवणारे हे सूक्ष्म घटक २०१८ च्या सुमारास उपलब्ध झाले आणि पाहता पाहता अनेक कंपन्यांच्या सर्वोच्च श्रेणीत हजर झाले. प्रत्येकाने त्यांची जाहिरात आपलाच शोध असल्याच्या थाटात केली. ‘ट्रायली’मध्ये आठ बॅलन्स्ड आर्मेचर आणि चार स्थितिविद्युत घटक आहेत. ‘एम्पायर इअर्स’च्या २०२० मधील ‘ओडिन’मध्येही, ३३९९ डॉलरला, स्थितिविद्युत घटक चारच. हाडांवाटे कंपने पोचवणाऱ्या घटकांची लाट नंतर आली, तिचीही गत तीच.

स्वतःचे ध्वनिघटक स्वतः घडवणाऱ्या कंपन्या थोड्या. जपानची ‘सोनी’ त्यांपैकी एक. तिच्या २०१८ मधील ‘आयईआर-झेड१आर’मध्ये बारा आणि पाच मिलिमीटरचे दोन डायनॅमिक घटक व एक बॅलन्स्ड आर्मेचर अशी स्वतंत्र विचाराने केलेली रचना होती. जपानचीच ‘फायनल’ २०१९ च्या ‘ए-८०००’मध्ये बेरिलियम या हलक्या व ताठ धातूचा पडदा वापरून पुढे आली. आणि तिसरी जर्मनीची ‘सेनहायझर’. किमतीचा प्रश्न समजून घ्यायला तिच्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

सेनहायझरने २०१२ साली ‘आयई-८००’ सादर केला. अनेक घटकांच्या शर्यतीत न उतरता तिने सात मिलिमीटर व्यासाचा एकच डायनॅमिक घटक वापरला आणि कवचातील कप्प्यांनी नको असलेला अनुनाद शोषून घेतला. ही कल्पना अभिनव आणि उत्तम होती. २०२१ साली त्याच वंशातील ‘आयई-९००’ १२९९ डॉलरला आला. त्याच वर्षी २९९ डॉलरचा ‘आयई-३००’, पुढे ६९९ डॉलरचा ‘आयई-६००’ आणि २०२३ च्या आरंभी १४९ डॉलरचा ‘आयई-२००’. या चारही इअरफोनांत सात मिलिमीटरचाच घटक आहे. पडद्याची घडण आणि घटकांची निवड यांत फरक असल्याचे कंपनी सांगते. बाकी मोठे अंतर आहे ते कवचात. ‘आयई-२००’चे कवच प्लास्टिकचे, ‘आयई-६००’चे झिर्कोनियमयुक्त धातूतून त्रिमितीय छपाईने केलेले, ‘आयई-९००’चे अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेले आणि आत तीन शोषक कप्पे. ऐकताना यांत फरक जाणवतो, हे मान्य करायला हरकत नाही. तो साडेआठपट आहे काय, हे मात्र ज्याने त्याने दोन्ही कानांना लावून ठरवावे. सेनहायझरचा हा ग्राहकोपयोगी विभाग विकत घेण्याचा करार २०२१ मध्ये ‘सोनोव्हा’ या स्विस कंपनीने केला आणि पुढच्या वर्षी तो पूर्ण झाला. सोनोव्हाचा मुख्य व्यवसाय श्रवणयंत्रांचा.

मोजपट्टी काय सांगते?

पूर्वी इअरफोनची पारख हा सर्वस्वी जाणकारीचा, म्हणजे बव्हंशी श्रद्धेचा विषय होता. गेल्या दशकात तो काही अंशी मोजमापाच्या कक्षेत आला. ‘हरमन’ कंपनीतील संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारापासून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या. हेडफोन कोणत्या नावाचा आहे हे न कळू देता, निरनिराळे स्वरतोल ऐकवून पसंती नोंदवली गेली. बहुसंख्य श्रोत्यांची पसंती, अनुभवी असोत वा नवखे, एका ठराविक स्वरतोलाच्या आसपास जमते, असे त्यातून दिसले. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या ध्वनिवर्धकांचा आवाज कानापाशी जसा पोचतो, साधारण तसाच हा तोल होता. पुढे कानात बसणाऱ्या इअरफोनांसाठीही तशीच लक्ष्यरेषा आखली गेली.

दुसरे संशोधन याहून बोचरे आहे. जेरून ब्रीबार्ट यांनी २०१७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनांच्या मोजमापाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वरतोलाचा आणि विक्रीच्या किमतीचा काही संबंध आढळत नाही, हे त्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. महाग हेडफोनचा स्वरतोल चांगला असेलच असे नाही आणि स्वस्ताचा वाईट असेल असेही नाही, एवढा सरळ त्याचा अर्थ.

हे ज्ञान खुले झाल्याचा लाभ सर्वाधिक कोणी उठवला असेल तर तो चिनी उत्पादकांनी. कृत्रिम कान बसवलेली मोजणीची साधने स्वस्त झाली, लक्ष्यरेषा सर्वांना ठाऊक झाली आणि डायनॅमिक घटकांचे उत्पादन तेथे मोठ्या प्रमाणावर होतच होते. चेंगडू येथील ‘मूनड्रॉप’ने २०२० मध्ये एक डायनॅमिक व चार बॅलन्स्ड आर्मेचर असलेला ‘ब्लेसिंग-२’ सुमारे ३२० डॉलरला दिला. त्या रचनेच्या इअरफोनला तोवर त्याच्या कितीतरी पट दाम पडत असे. २०२२ मध्ये मूनड्रॉपचा ‘चू’ आणि ‘सेव्हन हर्ट्झ’चा ‘सॅलनोट्स झीरो’ अवघ्या वीस डॉलरच्या आसपास आले, ‘ट्रूथिअर’चा ‘झीरो’ पन्नास डॉलरला. त्यांचा स्वरतोल हजार डॉलरच्या अनेक इअरफोनांपेक्षा नेटका होता. एकाच दशकात एका टोकाला किंमत सहा हजार डॉलरवर गेली आणि दुसऱ्या टोकाला उत्तम म्हणता येईल असा स्वर वीस डॉलरला मिळू लागला.

अर्थात मोजपट्टीच्याही मर्यादा आहेत. प्रत्येकाच्या कर्णनलिकेची लांबी व घडण निराळी. मानक कृत्रिम कानाचे मोजमाप आठ हजार हर्ट्झच्या पुढे तितकेसे विश्वासार्ह राहत नाही, कारण इअरफोन किती खोल बसला यावर तेथील अनुनादाची जागा सरकते. त्यामुळे दोन इअरफोनांची रेषा सारखी दिसूनही एकाची झांज कर्कश आणि दुसऱ्याची मुलायम वाटू शकते. महागड्या इअरफोनमध्ये ‘बारकावे अधिक उलगडतात’ असे सांगणारा श्रोता खोटे बोलत असतो, असे म्हणण्याचे कारण नाही. पण तो बारकावा किमतीतून आला, स्वरतोलातून आला, की चार लाख मोजल्यामुळे एकाग्रतेने ऐकण्यातून आला, हे डोळ्यांवर पट्टी बांधल्याशिवाय ठरवणे कठीण. आणि नाव झाकून ऐकवण्याची प्रथा या बाजारात जवळपास नाहीच.

मग नावीन्य कोठे गेले?

महागड्या वर्गातही खरे प्रयोग झाले, ते नाकारणे अन्यायाचे होईल. ‘शुअर’च्या २०१३ मधील ‘एसई-८४६’मध्ये पोलादाच्या दहा पातळ पत्र्यांत लांब वळणदार वाट कोरून खर्जाच्या घटकातील नको ते वरचे स्वर यांत्रिक पद्धतीने गाळले होते. क्रॉसओव्हरचे काम हवेच्या वाटेवर सोपवण्याची ही युक्ती या क्षेत्रातील अस्सल अभियांत्रिकीत मोडते. तो इअरफोन ९९९ डॉलरला होता आणि २०२२ मधील दुसऱ्या आवृत्तीतही तीच व्यवस्था कायम राहिली. शुअरनेच २०१५ मध्ये पूर्णतः स्थितिविद्युत तत्त्वावर चालणारा ‘केएसई-१५००’ त्याच्या खास अ‍ॅम्प्लिफायरसह २९९९ डॉलरला दिला. जाडजूड पेटी सोबत वागवण्याची तयारी थोड्यांचीच होती. त्या वाटेने फारसे कोणी गेले नाही. ‘६४ ऑडिओ’ने बंद कानात साचणारा हवेचा दाब सोडणारी खुंटी बसवली, तीही उपयुक्त आहे.

पण जिथे पैसा आणि संशोधक मोठ्या संख्येने गेले, ते क्षेत्र बिनतारी इअरफोनांचे. २०१६ साली ‘अ‍ॅपल’ने ‘आयफोन-७’मधून हेडफोनची खाच काढून टाकली, इतर कंपन्यांनी कालांतराने तेच केले आणि तारेच्या इअरफोनचा मोठा ग्राहकवर्ग एका फटक्यात सरकला. २०१९ मधील ‘एअरपॉड्स प्रो’ अमेरिकेत २४९ डॉलरला होता. २०२२ मधील दुसरी आणि २०२५ मधील तिसरी आवृत्तीही २४९ डॉलरलाच आली. दरम्यान बाहेरचा गोंगाट नष्ट करण्याची क्षमता वाढली, कानाच्या घडणीनुसार ध्वनी जुळवण्याची सोय आली, हृदयाचे ठोके मोजणारा संवेदक आला. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दुसऱ्या आवृत्तीला, सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी, श्रवणयंत्र म्हणून वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरची मान्यता दिली. श्रवणयंत्राच्या कारखान्यातून निघालेला इअरफोन फिरून श्रवणयंत्र झाला, आणि तोही सहा हजार डॉलरच्या वर्गातील नव्हे.

अगदी ताजे मूलभूत तंत्र म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, संगणकाच्या चिपप्रमाणे घडवलेला ध्वनिघटक. ‘एक्समेम्स’ या कंपनीने २०२० मध्ये असा पहिला घटक जाहीर केला. वेटोळे नाही, चुंबक नाही. विद्युतदाबाने आकुंचन पावणारा थर सिलिकॉनचा पडदा हलवतो. प्रत्येक नग दुसऱ्यासारखाच निघतो, हा त्याचा मोठा गुण, कारण डाव्या-उजव्या कानाची जोडी जमवण्यात जुन्या घटकांना फार निवड करावी लागते. हा घटक तार स्वरांसाठी वापरणारा सिंगापूरच्या ‘क्रिएटिव्ह’चा ‘ऑर्व्हाना एस’ हा बिनतारी इअरफोन २०२३ मध्ये दीडशे डॉलरच्या आतच मिळू लागला.

किंमत नेमकी कशाची?

उत्पादकांची बाजू अशी : वर्षाला थोडेच नग विकले जातात, जुळणी हातांनी होते, घटकांची जोडी लावण्यात बरेच वाया जातात, वितरकाचा आणि दुकानदाराचा वाटा असतो, हमीचा खर्च असतो. यातील प्रत्येक मुद्दा खरा आहे. पण हे सारे २००७ सालीही असेच होते. त्या वेळी ज्या परिस्थितीत ११५० डॉलरमध्ये व्यवहार परवडत होता, त्याच परिस्थितीत पुढे पाचपट दाम का लागावे, याचा उलगडा त्यातून होत नाही.

उलगडा ग्राहकाच्या बाजूने होतो. टोकियो, सिंगापूर, हाँगकाँग, सोल अशा शहरांत हौशी संग्राहकांचा वर्ग तयार झाला. सर्वोच्च नमुन्याला हजार डॉलरऐवजी दोन हजार लावले तरी विक्री थांबत नाही, हे कंपन्यांच्या ध्यानात आले; मग तीन हजार, मग त्यापुढे. मर्यादित संख्येच्या आवृत्त्या, तांब्या-चांदीच्या तारा विणलेल्या केबल, कवचावरील कलाकुसर यांचे महत्त्व वाढले. काही केबल तर स्वतंत्रपणे हजार डॉलरच्या वर विकल्या जातात. सव्वा मीटर लांबीच्या, योग्य रोधाच्या दोन चांगल्या केबलमध्ये ऐकू येईल असा फरक विद्युतशास्त्र दाखवत नाही. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थतज्ज्ञाने १८९९ मध्येच अशा वस्तूंचे वर्णन करून ठेवले आहे. महाग असल्यामुळेच त्या हव्याशा वाटतात आणि स्वस्त केल्या तर त्यांची मागणी घटण्याची भीती असते. घड्याळांच्या बाबतीत हे सर्वांना मान्य आहे आणि घड्याळवालेही ‘आमचे घड्याळ अधिक अचूक वेळ दाखवते’ असा दावा आता करत नाहीत. इअरफोनवाले अजून स्वराचाच दावा करतात, आक्षेप आहे तो त्याला.

येथील ग्राहकापुढील अडचणी

भारतात या वर्गातील बहुतेक माल आयात होतो. रुपयाची घसरण आणि कर यांमुळे जाहिरातीतील डॉलरचा आकडा आणि हातात पडणारे बिल यांत मोठी तफावत राहते. प्रत्यक्ष ऐकून घेता येईल अशी दुकाने महानगरांतच, आणि तीही मोजकी. नाशिक, सोलापूर किंवा मडगावच्या ग्राहकाला ऐकल्याविनाच मागवावे लागते. कानाच्या साच्यावर घडवलेला इअरफोन तर दुसऱ्याच्या कानात बसतच नाही, त्यामुळे तो पुन्हा विकण्याचा मार्ग जवळपास बंद. बिघाड झाल्यास परदेशी पाठवायचा, शुल्काची कागदपत्रे सांभाळायची आणि आठवडे मोजायचे.

या पार्श्वभूमीवर आधी स्वस्त पर्याय नीट वापरून पाहणे शहाणपणाचे ठरते. इअरफोनच्या स्वरावर सर्वांत मोठा परिणाम करणारी वस्तू म्हणजे तोंडाशी बसवलेली रबरी किंवा फोमची टोपी. ती सैल बसली की हवा गळते आणि खर्ज नाहीसा होतो; तबल्याच्या डग्ग्याची घुमक जाऊन नुसती टकटक उरते, तानपुऱ्याचा षड्ज पोकळ वाटू लागतो. अशा वेळी दोष इअरफोनला दिला जातो आणि नवा महाग इअरफोन घेतला जातो. वेगवेगळ्या मापाच्या टोप्यांचा संच काही शे रुपयांत मिळतो. ओळखीची, शंभरदा ऐकलेली बंदिश लावून एकेक टोपी बदलत जावे. त्यानंतरही एखादा स्वर टोचत असेल तर मोबाइलमधील इक्वलायझरने तो पट्टा दोन-तीन डेसिबलने खाली आणता येतो. अनेक महागड्या इअरफोनांतही तोल जुळवण्याचे हेच काम केलेले असते, फक्त नळ्या आणि रोधकांच्या साह्याने.

घट्ट बसणाऱ्या टोपीचा आणखी एक फायदा प्रकृतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना यांनी २०१९ मध्ये आखलेल्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा आहे. पातळी तीन डेसिबलने वाढली की मुभा निम्म्यावर येते. लोकलच्या डब्यात साध्या, सैल इअरफोनने गाणे ऐकताना ही मर्यादा सहज ओलांडली जाते. अंतःकर्णातील श्रवणपेशी एकदा निकामी झाल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि वाढत्या वयाबरोबर वरचे स्वर ऐकू येणे तसेही कमी होत जाते. स्थितिविद्युत घटकांची जाहिरात नेमकी याच, सर्वांत वरच्या स्वरांच्या नावाने होते. आणि सहा हजार डॉलर खर्च करण्याची ऐपत येईपर्यंत बहुतेकांचे वय चाळिशीच्या पुढे गेलेले असते.